आंधळे गणित आणि आंधळगावचा माग

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी ओळखले जाणारे गाव आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबांनी राखलेले कोसे, त्यांतून निघालेला टसर धागा आणि तो हातमागावर चढवून करवतीच्या दात्यांसारखा काठ विणणारे कोष्ट्यांचे हात, या परंपरेतून विदर्भाची करवती साडी जन्माला आली. साडीचे अंग एका रंगाचे आणि दोन्ही काठ दुसऱ्या रंगाचे. ते एकमेकांत गुंतवायचे म्हणून तीन धोटे चालवावे लागतात. एक धोटा चुकला की काठाची करवत मोडते. या कापडाला सरकारदरबारी भौगोलिक निर्देशांकनाचा मान मिळाला आहे. मान मिळाला, खेळते भांडवल मात्र मिळाले नाही.

अशा गावातला विणकर कोसा खरेदीसाठी लाख-दीड लाख रुपये मागायला बँकेत जातो, तेव्हा शाखेतला अधिकारी त्याला हाकलून देत नाही. तो सौजन्याने बोलतो, कागद पाहतो, संगणकात काही आकडे भरतो आणि शेवटी म्हणतो, “सिस्टीम घेत नाही.” या तीन शब्दांत आजच्या बँकव्यवहाराचे सारे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. पूर्वी नकार देणारा माणूस असे. त्याच्याशी वाद घालता येई, त्याच्या टेबलासमोर धरणे धरता येई, त्याच्या वरिष्ठांकडे तक्रार करता येई. आता नकार देणारा कोणी उरलेला नाही. केवळ नकार उरला आहे. आणि त्या नकाराच्या मागे गणित उभे आहे, असे सांगितले गेले की भलेभले कार्यकर्तेही मान खाली घालतात. गणिताशी कोण भांडणार?

या गणिताशी भांडता येते, इतकेच नव्हे तर भांडलेच पाहिजे. मात्र भांडण्यापूर्वी ते समजून घेतले पाहिजे. कारण हे गणित खोटे नाही. त्याला घातलेला प्रश्न खोटा आहे.

गणित काय सांगते

मर्यादित साधने अनेक कामांत अशी वाटायची की ठरवलेले उद्दिष्ट अधिकांत अधिक साधावे, या शास्त्राला इष्टतमीकरण म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. काय वाढवायचे ते उद्दिष्ट. काय ओलांडायचे नाही ती बंधने. आणि ज्यांचे प्रमाण ठरवायचे ते निर्णय. बँकेच्या कर्जांना ही रीत लावण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९६० च्या दशकातच सुरू झाले. डी. चेंबर्स आणि ए. चार्न्स यांचा बँकेच्या गुंतवणूक-नियोजनावरील निबंध १९६१ चा आहे. त्याआधी १९५२ साली हॅरी मार्कोवित्झ यांनी जोखमीचे गणित मांडले होते: एकाच वेळी बुडणाऱ्या दोन नावांत पैसा ठेवू नये, एक बुडताना दुसरी तरेल अशा नावांत तो विभागावा. या कामासाठी त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात रिझर्व्ह बँकेने १९९९ साली जोखीम-व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पुढे बासेलच्या भांडवल-नियमांबरोबर हा विचार प्रत्येक बँकेच्या मुख्य कचेरीत पोहोचला.

आता एक साधे उदाहरण घ्यावे. आकडे काल्पनिक आहेत, पण युक्तिवाद खरा आहे. समजा, एका बँकेपाशी शंभर रुपये आहेत. मोठ्या कंपनीला कर्ज दिले तर सारा खर्च आणि संभाव्य बुडीत वजा जाता शेकडा तीन रुपये सुटतात. विणकराला दिले तर शेकडा एकच रुपया सुटतो. कारण एक कोटीच्या एका कर्जाला जितकी माणसे आणि जितके कागद लागतात, त्यांच्या कितीतरी पट एक एक लाखाच्या शंभर कर्जांना लागतात. नियम असा की शंभरांतील निदान चाळीस रुपये विणकर-शेतकऱ्यांना दिलेच पाहिजेत. नफा हे उद्दिष्ट ठरवून हे कोडे यंत्रात घातले तर उत्तर उघड आहे: साठ रुपये कंपनीला, चाळीस विणकराला, आणि एकूण नफा दोन रुपये वीस पैसे. एक्केचाळिसावा रुपया विणकराकडे जाणार नाही. तो त्याच्या लायकीचा प्रश्नच नाही. नियमाने सांगितले तेवढेच चाळीस, आणि तेही नाइलाजाने.

हेच कोडे आता उलटे घालावे. विणकराच्या हाती गेलेल्या रुपयामुळे चालणारे माग, मिळणारा रोजगार हे उद्दिष्ट धरावे. बँकेचा नफा हे बंधन करावे: तो दीड रुपयाच्या खाली जाता कामा नये. पैसा तोच, दर तेच, जोखीम तीच, यंत्रही तेच. उत्तर येते: पंचवीस रुपये कंपनीला आणि पंचाहत्तर विणकराला. कंपनीकडून पाऊण रुपया आणि विणकराकडून पाऊण रुपया, मिळून दीड रुपया नफा पुरा होतो. बँक बुडत नाही, दिवाळे निघत नाही, ठेवीदाराच्या पैशाला धक्का लागत नाही. पहिल्या कोड्यात चाळीस, दुसऱ्यात पंचाहत्तर. हा पस्तीस रुपयांचा फरक गणिताने केलेला नाही. काय उद्दिष्ट आणि काय बंधन, हे ज्याने ठरवले त्याने तो केला. तो निर्णय राजकीय आहे आणि म्हणून राजकारणानेच तो बदलावयाचा आहे.

१९६९ चे उद्दिष्ट

या देशाने हा निर्णय एकदा घेतला होता. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा जेमतेम ०.९ टक्के आढळला होता आणि सहकारी संस्थांचा ३.१ टक्के, बाकीचा फार मोठा भाग सावकार, व्यापारी आणि जमीनदार यांच्या हाती होता. त्या काळी बँकांत संगणक नव्हते आणि मार्कोवित्झचे नावही कोणी ऐकले नव्हते. तरी बँका नेमक्या त्याच उत्तरापाशी पोहोचल्या होत्या. खासगी भांडवलाच्या हाती गणित असो वा नसो, त्याचे उत्तर ठरलेले असते.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी सहा बँकांचे. त्यासाठी झालेल्या १९७० च्या कायद्याच्या प्रस्तावनेत अर्थव्यवस्थेच्या नियंत्रणस्थानांवर ताबा आणि राष्ट्रीय धोरण व उद्दिष्टे यांना अनुसरून विकासाच्या गरजा भागविणे, हे प्रयोजन नोंदलेले आहे. अधिकांत अधिक नफा मिळवावा, असे त्या प्रस्तावनेत कोठेही म्हटलेले नाही. त्याच वर्षी, १९६९ च्या ऑक्टोबरात, नागपुरात बालपण गेलेल्या धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने आपला अहवाल दिला. त्याचा विषयच मुळी सामाजिक उद्दिष्टे अमलात आणण्यासाठी बँकांची संघटना कशी असावी, हा होता. जिल्हा हा एकक धरून तेथील गरजा मोजाव्यात आणि त्यांप्रमाणे पतपुरवठा आखावा, हा त्यांचा क्षेत्रीय दृष्टिकोन; आणि त्यातून १९६९ च्या डिसेंबरात अग्रणी बँक योजना निघाली. भंडारा जिल्ह्यात ही जबाबदारी बँक ऑफ इंडियाकडे आली. पुढे १९७२ साली दुर्बलांसाठी चार टक्के दराची विभेदक व्याजदर योजना आली, १९७५ साली प्रादेशिक ग्रामीण बँका आल्या, १९७७ साली बँकसेवा असलेल्या जागी एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या चार जागी शाखा उघडल्या पाहिजेत, असा नियम आला.

या साऱ्यांत दोष नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. कर्जमेळाव्यांत पक्षाचे बिल्ले लावलेल्यांना पैसे वाटले गेले, खरा गरजू रांगेत मागे राहिला, वसुली ढिली पडली. पण गाडगीळांचा मूळ विचार गणिताच्या भाषेत सांगायचा तर असा होता: विकास हे उद्दिष्ट, बँकेची सुस्थिती हे बंधन. म्हणजे वर सांगितलेले दुसरे कोडे.

१९९१ च्या नरसिंहम समितीनंतर हे कोडे शांतपणे उलटवले गेले. कायदा बदलला नाही, प्रस्तावना बदलली नाही, संसदेत त्यावर मतदान झाले नाही. फक्त उद्दिष्टाच्या जागी नफा बसला आणि विकास बंधनांच्या यादीत ढकलला गेला. शाखांचा एकास चारचा नियम १९९० मध्येच संपला होता. चाळीस टक्के अग्रक्रम क्षेत्राची अट राहिली, पण तिचा अर्थ बदलला. जे ध्येय होते ते ओझे झाले. आणि ओझे वाहणारा ते उतरवण्याची जागा शोधणारच.

बंधनाचा बाजारभाव

ती जागा टप्प्याटप्प्याने करून दिली गेली. १९९५-९६ पासून अट पुरी न करणाऱ्या बँकांनी तुटीएवढी रक्कम नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीत ठेवावी, अशी सोय झाली. विणकराला कर्ज न देता पुलाला द्यावे. पूल हवाच, पण पुलावरून जाण्यासाठी विणकराच्या हातात काही माल असावा लागतो. त्यानंतर २०१६ च्या एप्रिलपासून अग्रक्रम क्षेत्र कर्ज प्रमाणपत्रांचा बाजार सुरू झाला. ज्या बँकेने अटीपेक्षा जास्त कर्जे दिली ती आपला जादा हिस्सा प्रमाणपत्राच्या रूपाने विकते. जिने दिली नाहीत ती विकत घेते. कर्ज जागचे हलत नाही, जोखीम हलत नाही. हलते ते फक्त पुण्य, आणि तेही आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत.

वरच्या उदाहरणातील बँकेकडे पुन्हा पाहावे. चाळीसऐवजी एकोणचाळीस रुपये देण्याची मुभा मिळाली तर तिचा नफा दोन पैशांनी वाढतो. गणिती या दोन पैशांना त्या बंधनाचे छायामूल्य म्हणतात. अर्थात हा एक रुपया टाळण्यासाठी बँक दोन पैशांपर्यंत किंमत मोजायला तयार असते. प्रमाणपत्र दीड पैशात मिळत असेल तर ती शंभरच्या शंभर रुपये कंपनीला देऊन तीन रुपये मिळवील, चाळीस प्रमाणपत्रांसाठी साठ पैसे मोजील आणि दोन रुपये चाळीस पैसे खिशात घालील. विणकराला कर्ज देऊन तिला दोन रुपये वीस पैसेच मिळाले असते. अशा रीतीने नियम पाळला जातो, अहवाल निर्दोष होतो आणि आंधळगावात एक पैसाही येत नाही.

या बाजारात चार प्रकारची प्रमाणपत्रे विकली जातात, आणि त्यांपैकी अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांचे प्रमाणपत्र अलीकडच्या वर्षांत सर्वांत महाग ठरत आले आहे. त्याचा भाव शेकडा दीड-पावणेदोन रुपयांपर्यंत गेलेला आहे. हा भाव म्हणजे काय? दोन-अडीच एकरांच्या धान उत्पादकाशी व्यवहार करण्याचे टाळण्यासाठी या देशातील बँका किती रक्कम मोजायला तयार आहेत, त्याचा तो जाहीर आकडा आहे. कोणत्याही समाजवादी पुढाऱ्याने आजवर केलेल्या आरोपापेक्षा हा कबुलीजबाब अधिक स्पष्ट आहे.

बाजाराचे समर्थक यावर म्हणतात की ज्या बँकेला हे काम स्वस्तात जमते तिने ते करावे, इतरांनी तिला मोबदला द्यावा. यात गैर काय? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण त्यातून जिल्हा गायब झाला आहे. प्रमाणपत्र विकणाऱ्या बँकेची कर्जे दुसऱ्या राज्यात असू शकतात. विकत घेणाऱ्या बँकेची शाखा मोहाडी तालुक्यात ठेवी गोळा करीत असू शकते. मिळालेले अधिमूल्य बँकेच्या ताळेबंदात जमा होते, कर्जदाराच्या व्याजात ते उतरलेच पाहिजे असे बंधन नाही. गाडगीळांनी जिल्हा हे एकक धरले होते. बाजाराने देश हेच एक पोते धरले आणि त्या पोत्यात आंधळगाव कोठे पडले आहे, हे पाहण्याची गरज कोणालाच उरली नाही.

मग विणकराचे काय होते? बँकेने पाठ फिरवली की दारात सूक्ष्म वित्तकंपनी उभी राहते. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमावलीनंतर या कंपन्यांच्या व्याजदरावरील जुनी कमाल मर्यादा उठली आणि वीस टक्क्यांच्या वरचे दर सर्वसाधारण झाले. त्याच कंपन्यांना बँका घाऊक कर्ज देतात आणि ठरावीक अटींत ते अग्रक्रम क्षेत्रात मोजतात. म्हणजे विणकराच्या घरात जाणारा पैसा बँकेचाच; केवळ तो मध्ये एका दलालाच्या हातून गेला, म्हणून महाग झाला. आणि ज्याला तेही परवडत नाही तो व्यापाऱ्याकडून सूत उचलतो आणि त्यालाच कापड घालतो. मग भाव व्यापारी ठरवतो आणि विणकर आपल्याच मागावर मजूर होतो. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आढळले, याचे आश्चर्य कोणाला वाटावे?

जोखीम कोणाची मोठी?

येथे बँकांचे पंडित आपले शेवटचे अस्त्र काढतात. ठेवी जनतेच्या आहेत, त्या सांभाळल्या पाहिजेत, विणकर आणि धान उत्पादक हे जोखमीचे गिऱ्हाईक आहे. पाऊस गेला तर साऱ्या तालुक्याची कर्जे एकदम थकतात. मार्कोवित्झचा सिद्धांत अशी गर्दी टाळायला सांगतो. ठेवीदाराची चिंता खोटी नाही. आंधळगावचा विणकरही ठेवीदार आहे. पण हा सिद्धांत प्रामाणिकपणे लावला तर निष्कर्ष उलटा निघतो. एकट्या मोहाडी तालुक्यापुरत्या बँकेला ही भीती खरी आहे. देशभर हजारो शाखा असलेल्या बँकेला ती खरी नाही. भंडाऱ्यातला अवर्षणाचा फटका आणि मुंबईतल्या बांधकाम कंपनीचे दिवाळे यांची एकमेकांशी गाठ नसते. लहान, विखुरलेली, एकमेकांशी असंबद्ध कर्जे जितकी जास्त तितका एकूण संच सुरक्षित, हेच तर मार्कोवित्झ सांगतात.

बँकांनी प्रत्यक्षात काय केले? रस्ते, वीज, पोलाद यांतील मोजक्या उद्योगसमूहांत पैसा ओतला. मार्च २०१८ अखेर अनुसूचित व्यापारी बँकांची ढोबळ अनुत्पादक कर्जे ११ टक्क्यांच्या वर गेली. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली आणि त्यांतील नऊ लाख कोटींहून अधिक रक्कम मोठे उद्योग व सेवा यांच्याकडची होती. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे सांगितले जाते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण विणकराच्या पंधरा हजारांच्या थकबाकीला हा सूक्ष्म भेद कोणी लावला आहे काय? तिच्यामुळे त्याचा सिबिल गुणांक पडतो आणि बँकेचे दार पुढची कित्येक वर्षे बंद होते.

जोखमीचे मोजमापही निःपक्षपाती नाही. भांडवल-नियमांत प्रत्येक कर्जाला एक भार दिलेला असतो. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने ठरवल्याप्रमाणे ७५ लाखांपर्यंतच्या, घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आतील गृहकर्जाला ३५ टक्के भार लागला. हमी नसलेल्या लहान उद्योजकाच्या कर्जाला ७५ टक्के. नऊ टक्के भांडवलाच्या हिशेबाने शंभर रुपयांच्या गृहकर्जामागे बँकेला सव्वातीन रुपयांहूनही कमी भांडवल बाजूला ठेवावे लागते, विणकराच्या शंभर रुपयांमागे पावणेसात. शहरातल्या सदनिकेपेक्षा माग दुपटीहून महाग. गहाण असलेल्या भिंतीला भाव आहे, विणणाऱ्या हाताला नाही. हे भार निसर्गाने दिलेले नाहीत. समित्यांनी बसून ठरवलेले आहेत.

आणखी एक गोष्ट पंडित सांगत नाहीत. हे गणित भविष्याच्या अंदाजांवर चालते आणि अंदाज भूतकाळाच्या नोंदींवरून केले जातात. अंदाज थोडा चुकला तरी उत्तर फार चुकते. १९८९ साली रिचर्ड मिशॉ यांनी या पद्धतीला चुका वाढवणारे यंत्र ठरवले होते. ज्या गावात कर्ज दिलेच नाही तेथे नोंद कोठून येणार? नोंद नाही म्हणून गुणांक नाही, गुणांक नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून पुन्हा नोंद नाही. जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणारा आंधळा म्हटला जातो. आंधळगावाला हे नाव कसे पडले कोण जाणे. ते आज शोभते ते या गणिताला.

गणिताचा द्वेष कशासाठी?

हे सारे ऐकून चळवळीतील काही जुने साथी म्हणतील, यंत्र आणि गणित ही भांडवलशाहीची हत्यारे आहेत, ती बँकेतून हद्दपार करा. ही भूमिका चुकीची आहे आणि ती पूर्वीही एकदा महागात पडली. १९८० च्या दशकात बँकांतील संगणकांना विरोध करताना संगणक येऊ नये, यावर सारी शक्ती खर्च झाली. आलेल्या संगणकात कोणते नियम भरले जाणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. संगणक आलेच, आणि नियम इतरांनी भरले.

वस्तुतः या शास्त्राचा एक उगम समाजवादी नियोजनातच आहे. १९३९ साली लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यांचा प्रश्न तरुण गणिती लिओनिद कान्तोरोविच यांच्यापुढे आला: निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळे लाकूड कसे वाटले तर एकूण उत्पादन सर्वाधिक होईल? त्याचे उत्तर शोधताना त्यांनी रेषीय नियोजनाची रीत मांडली. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये त्याच प्रश्नांसाठी आपली प्रसिद्ध पद्धत शोधली. कान्तोरोविच यांना १९७५ साली कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुटपुंज्या साधनांचे समाजाच्या गरजेप्रमाणे वाटप करण्यासाठी जन्मलेले शास्त्र आज त्या गरजेला बगल देण्यासाठी वापरले जाते. दोष धोट्याचा नाही. तो कोणाच्या मागावर चालतो, हा प्रश्न आहे.

चळवळीने आणखी एक चूक कबूल केली पाहिजे. १९९० च्या कर्जमुक्तीपासून २००८, २०१७ आणि २०१९ च्या माफ्यांपर्यंत तिचे सारे बळ जुने कर्ज माफ व्हावे, या मागणीत गेले. संकटात ती मागणी न्याय्यच असते. पण माफी त्यालाच मिळते ज्याला कधीतरी कर्ज मिळाले होते. ज्याचे नाव बँकेच्या वहीत कधी चढलेच नाही, त्या कूळदाराला, विणकराला, तलावावरच्या ढिवराला माफीने काय दिले? जुने कर्ज पुसण्याच्या लढ्याइतकाच नवे कर्ज कोणाला, हा लढा महत्त्वाचा आहे. आणि तो आजवर लढलाच गेला नाही.

काय मागायचे

नियम बदलता येतात, याचा पुरावा रिझर्व्ह बँकेनेच दिला आहे. २०२०च्या सुधारित निर्देशांत तिने जिल्ह्यांची विभागणी केली: जेथे दरडोई अग्रक्रम कर्ज कमी पोहोचते त्या जिल्ह्यांतील नव्या कर्जाला १२५ टक्के भार, जेथे जास्त तेथे ९० टक्के. म्हणजे लेखणीच्या एका फटकाऱ्याने दुर्लक्षित जिल्ह्यातला रुपया सव्वा रुपया मोजला जाऊ लागला. जे जिल्ह्याला करता येते ते तालुक्याला आणि व्यवसायाला का करता येऊ नये? २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे बँकांना बजावले. ताकीद योग्य होती, पण ती ताकीदच राहिली. यंत्रातला नियम बैठकीतल्या भाषणाने बदलत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक शाखेच्या ठेवी आणि तिने त्याच परिसरात दिलेली कर्जे यांचा आकडा दर तिमाहीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण मराठीत लेखी मिळाले पाहिजे. “सिस्टीम घेत नाही” हे कारण नव्हे. ज्या तालुक्यात एखाद्या बँकेचे ठेवी-कर्ज प्रमाण ठरावीक पातळीखाली आहे, त्या तालुक्याचा वाटा तिला प्रमाणपत्रे विकत घेऊन भरता येता कामा नये. सहा टक्के दराच्या विणकर मुद्रेसारख्या योजनांत किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे गावनिहाय जाहीर व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा जिल्हा परिषदेपुढे चर्चेला आला पाहिजे, त्याचे उद्दिष्ट रोजगार असले पाहिजे आणि बँकेची सुस्थिती हे त्याचे बंधन असले पाहिजे. कान्तोरोविच यांचे गणित या कामाला लावायला कोणाचीही हरकत नसावी.

ही शेवटची मागणी भंडाऱ्याला नवी नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत या मतदारसंघाने प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना लोकसभेत पाठवले होते. त्याच पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर पराभूत झाले, ही खंतही भंडाऱ्याच्या नावावर आहे. पुढे १९७८ मध्ये अशोक मेहता यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने पंचायत राज्याचा विचार करताना जिल्हा परिषदेला नियोजनाचे केंद्र करावे, असे सुचवले. पैशाचे नियोजन मात्र जिल्हा परिषदेच्या दारापर्यंतही आले नाही. जिल्ह्याच्या ठेवींचे काय होते, हे विचारण्याचा अधिकार जिल्ह्याच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना नसेल, तर त्या नियोजनाला अर्थ काय?

कार्यकर्त्यांनी आता बँकेच्या दारात केवळ घोषणा देऊन भागणार नाही. तालुक्याच्या बँकर्स समितीत काय ठरते ते विचारावे, पतआराखड्याची प्रत मिळवावी, बँक कर्मचारी संघटनांतील साथींना बरोबर घेऊन तो गावात वाचून दाखवावा. ज्या कारकुनाला गुणांकाचा नियम माहीत आहे तो या लढ्यात दहा वक्त्यांइतका मोलाचा आहे. जो विणकर तीन धोट्यांचा हिशेब डोक्यात ठेवून काठ जुळवतो, त्याला उद्दिष्ट आणि बंधन यांतला फरक समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. तो फरक गावोगाव समजला की “सिस्टीम घेत नाही” या उत्तरावर पुढचा प्रश्न आपोआप येईल: सिस्टीमला घ्यायला कोणी सांगितले नाही?